हाकेचं अंतर, पायाचं अंतर

रामनगरात विमानतळ नाही. विमान धरायचं तर वर बेळगाव, नाहीतर घाट उतरून गोवा. तरीसुद्धा बस स्टँडसमोरच्या दहा बाय आठच्या गाळ्यात बसून मी वीस-बावीस वर्षं विमानाची तिकिटं काढली आणि माणसं दुबईला, मस्कतला, मालेला धाडली. स्वतः मात्र विमानात बसले नव्हते. ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची नसते. खानावळवाल्यानं आपण घरी जाऊन जेवतो हे कधी सांगितलंय?

मला सगळे बुकिंगअक्का म्हणतात. खरं नाव आता रेशनकार्डावरच उरलंय. ह्या अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला, "धंद्यातले अनुभव लिहा," म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या धंद्यात अनुभव गिऱ्हाइकाला येतात, आम्ही इथं पंख्याखाली बसून असतो. पण लिहायला बसले आणि एकेक माणूस डोळ्यांपुढं येऊन दुकानातल्या बाकावर बसायला लागला.

लोंढ्याकडचा एक म्हातारा आठवतो. लेकीकडे मुंबईला जायचं होतं, गुडघे दुखतात म्हणून जावयानं विमानानं ये म्हटलेलं. तारीख पक्की होत नव्हती. "अक्का, सीट धरून ठेवा तेवढी," म्हणाला, आणि खिशातला रुमाल काढून माझ्या काउंटरवर ठेवून गेला. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही आमच्याकडची जन्माची सवय. तो रुमाल चार दिवस माझ्याकडं होता. पाचव्या दिवशी म्हातारा आला आणि पहिल्यांदा रुमाल मागून घेतला, मग तिकीट.

दुसरा रामनगरातल्याच एका गॅरेजातला फिटर. मस्कतला निघालेला. जायचं तिकीट बघितलं, दहाला सुटून सव्वाअकराला पोच. खूश झाला. मग यायचं बघितलं, सव्वाबाराला सुटून साडेचारला पोच. कपाळाला आठ्या. "जाताना सव्वा तास आणि येताना सव्वाचार? येताना चढ लागतो काय, अक्का?" अनमोडचा घाट रोज बघणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची लिहितात आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागं. जाताना तो दीड तास फुकट मिळतो, येताना परत द्यावा लागतो. हे त्याला समजावून सांगेपर्यंत माझा चहा गार झाला. त्याला पटलं नाहीच. चढ असणारच, म्हणून गेला.

आता माझ्या गर्वाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं.

कॉम्प्युटरवर एक पान होतं. दोन विमानतळांची नावं घातली की मधलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती, झटक्यात सांगायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला तोच नाद. मी एक दोनशे पानी वही केली होती. डाव्या बाजूला दोन गावांची नावं, मग अंतर, मग वेळ. विशेषतः बेटांचं मला वेड. चहूकडं पाणी आणि मधे एवढीशी धावपट्टी, तिथून उडायचं आणि दुसऱ्या तसल्याच तुकड्यावर उतरायचं, याचं मला फार नवल वाटायचं. बाकावर बसलेले लोक माझी परीक्षा घ्यायचे. "अक्का, कोलंबो ते माले?" मी वही न उघडता सांगायची, पावणेआठशे किलोमीटर, दीड तास. लोक माना डोलवायचे. कुणी खरं-खोटं करायला जाणार नव्हतंच, पण मान डोलावलेली बरी वाटते.

अशा एका दुपारी म्हाबळूमामा आले. उळवीच्या वाटेवर आत डोंगरात त्यांचा वाडा, आमच्याकडं छोट्या वस्तीला वाडा म्हणतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साठी उलटलेला कुणबी माणूस, अंगानं वाळका, पायांत टायरच्या चपला. त्यांचं मूळ गाव सुप्याच्या धरणात गेलेलं. डोंगराच्या उतारावरची घरं पाण्याखाली गेली, माथे तेवढे वर राहिले. त्यांचा मुलगा संतोष मालदीवला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. पार दक्षिणेच्या टोकाला, गान नावाच्या बेटाजवळ. त्याचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झाल्यावरचा रविवार, सकाळी अकराचा मुहूर्त. शुक्रवारपासून सुट्टी मंजूर.

"पोराला हळदीच्या आदी घरात पोचव, अक्का," मामा म्हणाले. "बाकी मला कळत न्हाई."

गान ते राजधानी माले हे तिकीट संतोषचं हॉटेलच काढून देणार होतं. मालेपासून पुढचं माझ्याकडं. संतोषनं फोनवर सांगितलं, गानवरून शुक्रवारी दुपारी दोनला निघतो. विमान पोचतं कधी, हे मी विचारलंच नाही. कशाला विचारू? माझ्याकडं वही होती. गान ते माले, पाचशे चाळीस किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. म्हणजे तीन-दहाला माले. तिथून बेंगळूरचं विमान पावणेसहाला. मधे अडीच तास, माणूस जेवून झोपून उठेल. मी तिकीट काढून टाकलं.

मामांना समजावून सांगितलं. इथून बेंगळूर जेवढं लांब त्याहून गान ते माले थोडं जास्तच, पण विमान तासाभरात पोचतं. मामांनी शांतपणे ऐकलं.

"हे हाकेचं अंतर झालं," ते म्हणाले. "पायाचं किती?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, डोंगरात दोन अंतरं असतात. समोरच्या डोंगरावरच्या माणसाला कुकारा घातला, म्हणजे तोंडापुढं हात धरून लांब हाळी दिली, तर त्याला लगेच ऐकू येते. ते हाकेचं अंतर. पण त्याच्या दारात पोचायचं तर खाली उतरा, ओहोळ ओलांडा, पुन्हा चढा. ते पायाचं अंतर. "जुन्या गावात माज्या भैणीचं घर समोरच्या डोंगराला हुतं. आता मधी पाणी हाय. हाकेचं अंतर तेवढंच राह्यलं, पायाचं अंतर संपलंच."

मग पुन्हा मुद्द्यावर आले. "इमान सरळ जातं, का थांबत थांबत?"

मी हसले. मोठ्यानं हसले, बाकावरच्या चौघांना ऐकू जाईल असं. "मामा, विमान म्हणजे उळवीची बस आहे काय, कुणी हात केला की थांबायला?"

बाक हसला. मामाही हसले. पण जाताना म्हणाले, "न्हाई, मधी बेटं असतील न्हवं. माणसं ऱ्हात असतील तर कुणीतरी थांबायला लागंलच की."

ते हसणं मला अजून टोचतं. गिऱ्हाइकाला कळत नसतं तेव्हा हसू नये हे मला माहीत होतं. कळत असतं तेव्हा हसू नये हे त्या दिवशी शिकायचं राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन वाजला. संतोष. आवाज रडवेला.

"अक्का, काउंटर बंद झालं. बेंगळूरचं इमान चुकलं."

"अरे, तीनला पोचलास ना तू?"

"कुठलं तीनला. मधी दोन बेटांवर थांबलं. एका ठिकाणी आजारी बाईला चढवायचं हुतं, तिथं अर्धा तास गेला. माल्याला टेकलं तवा पावणेपाच. सामान घेऊन पळत आलो तर बंद."

मी फोनमधला त्याचा जुना निरोप उघडला. हॉटेलनं दिलेलं तिकीट त्यानं आठवड्यापूर्वीच मला पाठवलेलं होतं. मी बघितलं नव्हतं. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, थांबे दोन.

कॉम्प्युटरवरचं ते पान काय करतं, ते मला तेव्हा उमजलं. नकाशावर दोन टिंबांमध्ये दोरी ताणतं, दोरी मोजतं, आणि विमान किती पळतं त्यानं भागतं. मधे कोण चढलं, कोण उतरलं, सामान कुठं फिरत राहिलं, काउंटर तासभर आधी बंद होतं, यातलं त्याला काही ठाऊक नाही. ते खोटं बोलत नव्हतं. मीच त्याला नको ते विचारलं होतं. शिवाय दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली आणि पहिल्याला उशीर झाला तर कंपनी पुढची सोय करते. वेगळी असली की दुसरी कंपनी म्हणते, आमचा काय संबंध.

पुढचं विमान शनिवारी रात्री उशिरा होतं. मी लगेच त्यात जागा घेतली. बेंगळूरला पोचेपर्यंत रात्रीच्या बसेस सुटून गेलेल्या असणार. म्हणजे रविवारी पहाटे तिथून निघायचं, हुबळी, दांडेली, जोयडा. अकराचा मुहूर्त गेलाच.

आणि हे त्याच्या घरी कसं कळवायचं? वाड्यात फोनला रेंज नाही. मागच्या टेकाडावर एक मोठा धोंडा आहे, त्यावर उभं राहिलं तर रेंजची एक कांडी येते. पण आपल्याला फोन यायचाय हे ठाऊक असल्याशिवाय धोंड्यावर कोण चढून बसेल? म्हटलं, आपणच जायचं.

आमचे हे टेम्पो चालवतात. स्वभावानं गरीब, पण प्रसंगाला डोकं चालवतात. शनिवारी सकाळी गाडी काढता काढता म्हणाले, "विमान बिघडलं म्हणून सांग. जोयड्यात कोण विमानाचं बॉनेट उघडून बघणार आहे?"

खरं सांगते, मला ते पटलं होतं. वाटेत मी तेच घोकत होते. विमान बिघडलं, विमान बिघडलं. माझी चूक म्हटली तर रामनगरात पत काय राहील? उद्या कोण येईल बाकावर बसायला?

धरणाचं पाणी दिसायला लागलं की रस्ता त्याच्याबरोबर वळतो. समोरचा डोंगर तिथंच दिसत राहतो आणि आपण त्याच्याभोवती फिरत राहतो. हा रस्ता मी दहा वेळा केलाय. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो लांब वाटला.

अंगणात मांडव घातलेला. बायका जात्यावर हळद दळत होत्या आणि गाणी म्हणत होत्या. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसलेली. त्यात नवरीचा काका होता, गणेशगुडीला जीप चालवणारा, रोखठोक माणूस. मला एकटीला टेम्पोतून उतरताना बघून गाणं बंद पडलं.

काकाच पहिल्यांदा बोलला. "न्हवरा कुठाय? आज सकाळी येणार हुता न्हवं? मी तवाच म्हटलं हुतं, तिकडं गेलेली पोरं परत येत न्हाईत. बेटावर दुसरा संसार मांडून बसला असंल. आमची पोरगी काय वाटंवर पडलीया?"

संतोषच्या आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, विमान बिघडलं. पण मी बघितलं, काकाचे डोळे नेमके त्याच वाक्याची वाट बघत होते. सबब ऐकायची आणि लग्न मोडायचं. खोटं बोलले असते तर ते पोराच्या नावावर जमा झालं असतं.

एवढ्यात मामा मांडवाच्या खांबामागून आले. हात हळदीनं पिवळे. माझ्याकडं बघून एकच विचारलं, "थांबत गेलं काय, अक्का?"

"व्हय मामा," मी म्हटलं. "दोनदा थांबलं. तुम्ही विचारलं होतं, मी हसले होते. पोरानं तिकीट मला आधीच धाडलेलं, मी उघडून बघितलं नाही. पोराची काही चूक नाही, सगळी माझी आहे."

काका म्हणाला, "पोराला सांभाळून घ्यायला बोलताय." मी फोनवर ते तिकीट उघडून फोन त्याच्या हातात दिला. इंग्रजी त्याला येत होतं, गणेशगुडीला टुरिस्टांत वावरलेला माणूस. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, फोन परत दिला. माफी बिफी काही नाही, पण आवाज उतरला. "मग कधी येतोय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी हात वर केला. "थांबा अक्का. हाकेचं नको. पायाचं सांगा."

आणि तिथं, मांडवाखाली, माझ्या बावीस वर्षांतलं सगळ्यात खरं बुकिंग झालं. मी एकटीनं केलं नाही. मी म्हटलं, बेंगळूरहून पहाटे पाचची बस, हुबळी बारा. एक म्हातारा म्हणाला, "रविवारी हुबळीत गर्दी, साडेबारा धरा." दांडेलीची बस? एक बाई म्हणाली, तिचा भाऊ त्या बसवर कंडक्टर, एकची बस सव्वाला सुटते. दांडेलीला साडेतीन, कारण हळियाळला ड्रायव्हर चहा पितो. जोयड्यापर्यंत साडेचार. तिथून गावची बस गेलेली, मित्राची मोटरसायकल. काकानं स्वतःच भर घातली, "पुलाजवळ रस्ता उकरलाय, तिथं दहा मिनटं." सगळे थांबे धरून बेरीज झाली, पावणेसहा.

"दिवस कधी मावळतो?" मामांनी भटजींना विचारलं.

"सहाच्या आसपास," भटजी म्हणाले. "गोरज मुहूर्त साधतो. गाईगुरं परत येतात ती वेळ, त्याला पंचांग बघावं लागत नाही. पण त्याच्या पुढं मी थांबणार नाही."

काका म्हणाला, "आमची माणसं लांबची हायत. अंधार पडला की रस्त्यावर गवे. सहापर्यंत आला न्हाई तर आमी पोरीला घेऊन जाणार. मग पुना विचारायचं न्हाई."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एका लग्नाचा सगळा भार माझ्या त्या बेरजेवर आला. मी धोंड्यावर चढून संतोषला एकेक बस सांगितली आणि परत निघू म्हटलं, तर संतोषच्या आईनं हात धरला. "पोरगं येईपर्यंत ऱ्हावा." शिक्षा म्हणून धरलं की मायेनं, कळलं नाही. राहिले.

रविवारी अकराचा मुहूर्त आला आणि नवऱ्यावाचूनच गेला. लोक जेवले, पण वाढणाऱ्यांचे चेहरे उतरलेले. नवरी सुनंदा हळद लावून आत बसलेली. तीनच्या सुमाराला तिनं मला बोलावलं. वाटलं, रडणार.

"अक्का, तो निघालाय एवढं खरं न्हवं?"

"निघालाय. धोंड्यावर चढले होते तेव्हा हुबळीहून त्याचा फोन आला."

"मग झालं. आमची बस रोज दोन तास उशिरा येती. तिला कोण सोडून देतंय काय?" आणि करवलीला म्हणाली, गजरा पाण्यात ठेव, सुकंल. मला त्या पोरीचा फार आधार वाटला.

चार वाजले. साडेचार. जोयड्याहून काही निरोप नाही. पाच. काकानं जीपचं तोंड रस्त्याकडं करून ठेवलं. नवरीकडच्या बायका पिशव्या आवरायला लागल्या. मी पाण्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले, तिथं निदान कुणी माझ्या तोंडाकडं बघत नव्हतं. मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बेरीज करत होते, हळियाळचा चहा, उकरलेला रस्ता. उळवीच्या देवाला नवसही बोलले. जो माणूस आयुष्यभर वेळापत्रकावर जगला त्यानं नवस बोलावा, एवढी माझी दशा झाली होती.

सव्वापाच झाले असतील. पाण्याच्या पलीकडच्या काठावरून एक कुकारा आला. लांब, वर जाऊन मोडणारा.

सगळं अंगण थांबलं. संतोषची आई चुलीपासून उठून बाहेर आली. "संतोषच," म्हणाली. बेटावर तीन वर्षं राहिलेल्या पोराचा आवाज तिनं पाण्यापलीकडून ओळखला.

कुणी उत्तर द्यायच्या आत त्या काकानं, जीपला टेकून उभ्या असलेल्या त्या रोखठोक माणसानं, दोन्ही हात तोंडाला लावून अशी हाळी दिली की झाडावरची पाखरं उडाली.

"हाक आली," मामा म्हणाले. "पाय अर्ध्या तासानं येतील."

पाण्याचा तो फाटा वळसा घालून यायला तेवढाच वेळ लागतो. काका जीप घेऊन समोरून आणायला निघून गेला. पावणेसहाला पाच मिनिटं असताना संतोष मांडवात उतरला, अंगात हॉटेलचा पांढरा शर्ट, बटणांवर तिकडच्या कंपनीचं नाव. त्याला घाईघाईनं हळद लावली, दोन तांबे पाणी ओतलं, बाशिंग बांधलं. गुरं परत येत होती, त्यांच्या पायांची धूळ मांडवाच्या कडेला उठली आणि भटजींनी अंतरपाट धरला. अक्षता वाटताना मामांनी मला मागून ओढून पुढं उभं केलं. म्हणाले, "ह्या अक्कानं आणला." मी रडले. सांगायला लाज कसली, हुंदके देऊन रडले. ज्या माणसाला मी चारचौघांत हसले होते, त्यानं चारचौघांत माझी पत राखली.

त्या सोमवारी मी वहीत तिसरा रकाना आखला. अंतर, वेळ, थांबे. पुढं येणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट मी उघडून, वाचून, पोचायची वेळ डोळ्यांनी बघून मगच पुढचं काढलं. आणि त्या वाड्यातली गोष्ट मीच रामनगरात सगळ्यांना सांगितली, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. गिऱ्हाईक कमी झालं नाही. उलट लोक म्हणायला लागले, अक्काकडं जा, ती पायाचं अंतर सांगते.

आता दुकान बंद केलंय. पोरं फोनवरच तिकीट काढतात, त्यांना माझी गरज नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं. दुपारी बाकावर कुणी नसतं ते वाटतं. पण ज्या धंद्यानं मला घरबसल्या एवढी माणसं दाखवली त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

दुकान बंद करायच्या आदल्या वर्षी संतोषनं आईवडिलांना ते बेट दाखवायला नेलं. तिकिटं अर्थातच मी काढली. मामा म्हणाले, "थांबत जातं न्हवं?" मी म्हटलं, "दोनदा थांबतं." "बरं झालं," म्हणाले. परत आल्यावर ते मुद्दाम मला भेटायला रामनगरला आले. बाकावर बसले. बेटावरचं हॉटेल, पोराचं काम, निळं पाणी, यातलं काही आधी बोलले नाहीत.

"अक्का, मधल्या बेटावर उतरणारी माणसं बगितली. पोरं, म्हातारी, कोंबड्या आणायला आल्यासारखी टोपल्या घेऊन. प्रत्येकाची कुणीतरी वाट बघत हुतं. त्या माणसांना वरनं आपलं घर दिसतं. म्हणून इमान थांबतं. त्याला बोल लावू नका." मग म्हणाले, "माजा डोंगर बी आता बेटच हाय. पर तिथं कोण थांबत न्हाई."

मग कॉम्प्युटरकडं बोट करून म्हणाले, "एक अंतर काढून द्या. माजा डोंगर ते भैणीचा डोंगर."

बहीण धरणानंतर रामनगरच्या पुनर्वसन वसाहतीत आली होती आणि तिथंच वारली, हे मला माहीत होतं. मी कॉम्प्युटरवर धरणाचा नकाशा उघडला. निळ्या पाण्यात दोन हिरवे ठिपके, मामांनी बोटानं दाखवले. दोरी ताणली. पाऊण किलोमीटर. वेळेच्या जागी त्यानं काही लिहिलं नाही, कारण तिथं जायला रस्ताच नाही.

"वेळ किती?" मामांनी विचारलं.

"ते ह्याला माहीत नाही, मामा. तुम्ही सांगा."

मामा त्या दोन ठिपक्यांकडं बघत राहिले. "मी दारातनं हाळी द्यायचो. ती ऐकली की भैण चुलीवर तवा ठेवायची. पैली नाचण्याची भाकरी टाकायची. मी उतरून, ओहोळ ओलांडून, चढून जायचो. तिसरी भाकरी तव्यावर असायची तवा मी दारात."

मी वही काढली. शेवटचं पान शिल्लक होतं. बावीस वर्षांत शेकडो बेटांची अंतरं मी त्यात लिहिली, सगळी दुसऱ्याच्या पानावरून उतरवलेली. ही एकच नोंद ज्यानं ते अंतर चाललं त्याच्या तोंडून घेतली आहे. मामांचा डोंगर ते बहिणीचा डोंगर. अंतर पाऊण किलोमीटर. थांबे नाहीत. वेळ, तीन भाकऱ्या.